हरिकेननंतर छोट्या बेटांना मदत पाठवायचीय? मग आधी एवढं वाचा

जून ते नोव्हेंबर अटलांटिकमध्ये हरिकेनचा सीझन असतो, आणि बहुतेक दर वर्षी कॅरिबियनमधलं एखादं बेट टीव्हीवर दिसतंच, छपरं उडालेली, नारळ मुळासकट आडवे, रस्त्यावर बोटी येऊन पडलेल्या. मग न्यू जर्सी, टोरांटो, लंडन, फ्लोरिडा इथल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज सुरू होतात की चला कपडे गोळा करूया, एक कंटेनर भरूया. मन अगदी साफ असतं सगळ्यांचं, त्यात शंका नाही. पण मी शिपिंगच्या डॉक्युमेंटेशनचं काम करते, माल बंदरात का आणि कसा अडकतो हे माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे, म्हणून वाटलं की हे एकदा नीट लिहून काढावं. ज्याला मनापासून मदत करायचीय त्याने काय करावं, काय अजिबात करू नये, आणि कधी करावं.

सगळ्यात आधी बेट म्हणजे काय ते समजून घ्या. जमिनीवरच्या गावात एक रस्ता बंद झाला तर दुसऱ्या बाजूने ट्रक नेता येतो. बेटाला धक्का एक आणि धावपट्टी एक, ती सुद्धा बऱ्याचदा वादळात मोडलेली. १ जुलै २०२४ ला बेरिल हरिकेन ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर आदळलं, कॅटेगरी ४ चं (वादळाचा जोर एक ते पाच अशा मापात मोजतात, पाच सगळ्यात जोरदार). ग्रेनाडाचे पंतप्रधान डिकन मिचेल म्हणाले की अर्ध्या तासात कॅरिआकू सपाट झालं. शेजारच्या युनियन आयलंडवर, ते सेंट व्हिन्सेंट देशाचं बेट आहे, नव्वद टक्के घरं एकतर पडली नाहीतर खूप मोडली. आता समजा तुम्ही परदेशातून कंटेनर पाठवला. तो आधी ग्रेनाडाच्या मोठ्या बेटावर सेंट जॉर्जेसला उतरणार, तिथे उघडून माल छोट्या बोटीत चढवायचा, ती बोट कॅरिआकूला जाणार, तिथे मजूर हवेत, ट्रक हवा, ट्रकला डिझेल हवं, आणि तो ट्रक चालवणारा माणूस, कस्टम्सचा क्लार्क, धक्क्यावरचा फोर्कलिफ्टवाला, ह्या सगळ्यांचीच स्वतःची छपरं गेलेली असतात. म्हणजे तुमच्या प्रत्येक खोक्यामागे तिथल्या एका दमलेल्या माणसाचा वेळ जातो. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप कळतं.

नको असलेल्या मालाचं काय होतं ह्याची दोन उदाहरणं पॅसिफिकमधली देते, कारण तिथे ते नीट मोजलं गेलंय. मार्च २०१५ मध्ये वानुआतूवर पॅम चक्रीवादळ आलं, त्यानंतर कोणी न मागितलेल्या वस्तूंचे सत्तरच्या आसपास कंटेनर तिथे पोचले, आणि दहा महिन्यांनंतरही त्यातले १८ बंदरातच पडून होते, खाण्याच्या मालातला अर्ध्याहून जास्त एक्सपायर झालेला, आणि स्टोरेजचं बिल चढत होतं ते वेगळंच. पुढच्या वर्षी फिजीत विन्स्टन आलं. तिथे असे १३३ कंटेनर आणि वर आठ हजारांहून जास्त सुटे नग. त्यात उंच टाचांच्या चपला, हँडबॅगा, गालिचे, स्पोर्ट्सचं सामान असलं सगळं होतं. हे पाठवणारे लोक वाईट नव्हते हो, त्यांनी कपाट उघडलं आणि प्रेमाने दिलं. पण त्या दिवसांत त्याच धक्क्यावर ताडपत्र्या आणि औषधं उतरायची असतात आणि जागा तेवढीच असते.

पहिले तीन-चार दिवस

ह्या दिवसांत बाहेरच्या सामान्य माणसाने वस्तू गोळा करायला अजिबात सुरुवात करू नये. तेव्हा जीव वाचवण्याचं काम चालू असतं आणि ते शेजारीच करतात, म्हणजे त्याच वाडीतली माणसं, मग शेजारची बेटं. कॅरिबियनमध्ये त्यासाठी सिडेमा नावाची यंत्रणा आहे, ऑफिस बार्बाडोसला, १९ देश आणि प्रदेश तिचे सभासद, एकावर आलं की बाकीचे माणसं आणि सामान पाठवतात. वीज कंपन्यांची सुद्धा कॅरिलेक म्हणून संघटना आहे, ती एका बेटाचे लाइनमन दुसऱ्या बेटावर पाठवते, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण त्या लाइनमनने स्वतःच्या बेटावर हेच काम केलेलं असतं. त्याशिवाय फ्रान्स, ब्रिटन, नेदरलँड्स, अमेरिका ह्यांची जहाजं आणि हेलिकॉप्टरं त्या भागात असतात, ती पोचतात.

तुम्ही तेव्हा काय करायचं? तुमचं कोणी तिकडे असेल तर त्यांचा पत्ता लावा. आपली बरीच मुलं क्रूझ शिपवर आहेत, गोव्याची, रत्नागिरी-सिंधुदुर्गची, काही जण तिकडे मेडिकल शिकायला गेलेले असतात. जहाजं सहसा वादळाच्या वाटेतून आधीच बाजूला काढतात, त्यामुळे घरच्यांनी लगेच घाबरून जाऊ नये, कंपनीच्या क्रू हेल्पलाइनला फोन लावावा. बेटावरच्या विद्यार्थ्यासाठी भारतीय दूतावास किंवा हाय कमिशन, पण एक लक्षात ठेवा की प्रत्येक बेटावर आपलं ऑफिस नाही, बऱ्याच बेटांचं काम दुसऱ्याच देशातलं मिशन बघतं, तेव्हा सीझन सुरू व्हायच्या आधीच कुठलं मिशन आणि त्याचा इमर्जन्सी नंबर कुठला हे लिहून ठेवा. नेटवर्क नसतं तेव्हा सारखा कॉल करू नका, एसएमएस टाका, तो अधूनमधून सिग्नल आला की जातो आणि समोरच्याची बॅटरी पण वाचते.

पैसे: कोणाला आणि कसे

मदतीतला सगळ्यात हलका माल म्हणजे पैसा. त्याला धक्का लागत नाही, फोर्कलिफ्ट लागत नाही, आणि बेटावरचं किंवा शेजारच्या बेटावरचं दुकान उघडलं की तो तिथेच खर्च होतो, म्हणजे दुकानदारही उभा राहतो. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया डॉमिनिकावर आलं, कॅटेगरी ५, पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट ह्यांच्या स्वतःच्या घराचं छप्पर उडालं आणि ते त्यांनी फेसबुकवरूनच जगाला सांगितलं. तिथे पुढे सरकारने युनिसेफ आणि वर्ल्ड फूड प्रोग्रामबरोबर मिळून साधारण २५ हजार लोकांपर्यंत रोख मदत पोचवली, तीही सरकारची आधीपासून चालू असलेली गरजूंची योजना वापरून, नवीन काही न उभारता. कोणाला औषध हवं होतं, कोणाला पत्रे, कोणाला मुलाची वह्या-पुस्तकं. ते त्या घरालाच माहीत असतं, आपल्याला लांबून कळत नाही.

मग द्यायचे कोणाला. माझा क्रम असा आहे: पहिला त्या देशाचा स्वतःचा रेड क्रॉस, म्हणजे जमैका रेड क्रॉस, ग्रेनाडा रेड क्रॉस वगैरे, किंवा त्यांच्या मागे उभी असलेली जागतिक संघटना, आयएफआरसी. आयएफआरसीचा एक तयार फंड असतो, त्यातून वादळ यायच्या आधीच किंवा आल्या आल्या लोकल रेड क्रॉसला पैसे सुटतात, म्हणून शांत महिन्यात दिलेले पैसे सुद्धा वाया जात नाहीत, उलट जास्त कामाला येतात. दुसरा, त्या सरकारने जाहीर केलेला अधिकृत फंड. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा जमैकावर कॅटेगरी ५ म्हणून आदळलं तेव्हा तिथल्या सरकारने सपोर्ट जमैका नावाचं एकच पोर्टल काढलं, देणगी पण तिथेच आणि काय सामान हवंय त्याची यादी पण तिथेच. असं पोर्टल असेल तर दुसरीकडे शोधायची गरजच नाही. तिसरा, त्या बेटावर आधीपासून काम करणारी लहान संस्था, चर्च, शाळा, मच्छीमारांची सोसायटी, पण अट एक, तुमच्या ओळखीतल्या कोणीतरी तिचं काम डोळ्याने बघितलेलं हवं.

फसवणुकीचं सांगते कारण दर वेळी होते. वादळाला नाव मिळालं की काही तासांत त्या नावाच्या वेबसाइटी आणि फेसबुक पेजेस तयार होतात. फॉरवर्ड झालेल्या लिंकवर कधीच क्लिक करून पैसे भरू नका, स्वतः त्या देशाच्या आपत्ती खात्याच्या साइटवर जा (जमैकाचं ओडीपीईएम, ग्रेनाडाचं नॅडमा, सेंट व्हिन्सेंटचं नेमो) आणि तिथून पुढे जा. क्रिप्टो, गिफ्ट कार्ड, एखाद्याचा पर्सनल अकाउंट, असं काही मागितलं की तिथेच थांबा.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. देणगी किंवा भेट म्हणून परदेशात पैसे पाठवता येतात, आरबीआयच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंतची मर्यादा आहे त्यातच हे येतं, बँकेत ए-टू फॉर्म आणि पॅन लागतो. पण परदेशातल्या संस्थेला दिलं तर ८०जी ची सूट मिळत नाही. आणि गणपती मंडळ, ट्रस्ट, सोसायटी ह्यांनी आपल्या खात्यात वर्गणी जमवून ती परदेशी पाठवायचं ठरवू नये, कारण भारतातल्या चॅरिटेबल ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर इन्कम टॅक्सच्या सवलतीचा प्रश्न येतो, त्यासाठी सीबीडीटीची, म्हणजे इन्कम टॅक्सच्या केंद्रीय मंडळाची, आधी परवानगी लागते. लोक इथे एफसीआरए एफसीआरए करतात पण तो कायदा बाहेरून भारतात येणाऱ्या पैशांचा आहे, जाणाऱ्या नाही. तेव्हा ज्याने त्याने आपापलं थेट द्यावं हे बरं, आणि रक्कम मोठी असेल तर आपल्या सीएला एक फोन करावा. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या मंडळींनी टॅक्सची सूट हवी असेल तर आपल्याच देशात नोंदलेली चॅरिटी निवडावी, अमेरिकन रेड क्रॉसमार्फत वगैरे, बेटावरच्या संस्थेला थेट दिलं तर सहसा सूट मिळत नाही.

वस्तू पाठवायच्याच असतील तर

कधीकधी वस्तू खरंच लागतात, नाही असं नाही. पण त्याच्या आधी तीन गोष्टी हातात असल्या पाहिजेत: मागणीची लेखी यादी, माल घेणाऱ्याचं नाव म्हणजे कन्साइनी, आणि तिथून पुढे गावापर्यंत न्यायचा खर्च कोण करणार त्याचं उत्तर. ह्यातलं एक जरी नसलं तर गोळा करायला बसू नका. कन्साइनी म्हणून "हरिकेनग्रस्त लोक" असं लिहून चालत नाही, बंदरात त्या मालाला मालकच नसतो मग, आणि डिमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंड, सुरू होतं. तिथल्या आपत्ती खात्याचं किंवा नोंदणी असलेल्या संस्थेचं नाव, माणसाचं नाव, फोन, आणि त्यांच्याकडून आलेलं ड्यूटी माफीचं पत्र, हे सगळं माल निघायच्या आधी त्यांच्या मेलमध्ये आणि तुमच्या फाइलमध्ये हवं.

पॅकिंगमध्ये एका खोक्यात एकच प्रकारची वस्तू. घराघरातून आलेलं सगळं एकत्र कोंबलेलं खोकं म्हणजे तिकडे कोणीतरी बसून तास न् तास निवडायचं. खोक्यावर बाहेरून दोन बाजूंना लिहा: आत काय, किती नग, वजन, एक्सपायरी, पाठवणारा, घेणारा. कॅरिबियनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत रंगाची पद्धत चालते, खाण्याला लाल, औषधांना हिरवा, कपडे आणि घरसामानाला निळा, तशी जाड पट्टी मारली तर गोदामातला माणूस लांबूनच वेगळं करतो. वजन एका माणसाला उचलता येईल एवढंच, कारण फोर्कलिफ्ट नसणारच हे धरून चाला. पॅकिंग लिस्टची एक कॉपी मेलने, एक पहिल्या खोक्याच्या वर चिकटवलेल्या पाकिटात. हे सगळं क्षुल्लक वाटेल पण ह्याच कागदावर माल आठ दिवसांत सुटतो किंवा दोन महिने पडतो.

औषधांच्या फंदात घरगुती माणसाने पडूच नये. डब्ल्यूएचओचा नियम असा की तिथे पोचताना किमान एक वर्षाची एक्सपायरी शिल्लक हवी, नाव जेनेरिक, आणि लेबल तिथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत. उरलेल्या गोळ्या, डॉक्टरांची सॅम्पलं, चालत नाहीत. जनरेटर पाठवणार असाल तर व्होल्टेज आधी बघा, कारण बेटाबेटाला वेगळं आहे: ग्रेनाडा आणि डॉमिनिकाला २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, बहामाला १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आणि जमैकाला ११० व्होल्ट पण ५० हर्ट्झ. न्यू जर्सीच्या दुकानातलं मशीन ग्रेनाडाच्या दवाखान्यातल्या फ्रिजला जुळत नाही.

आता एक चांगला रस्ता सांगते, आपल्या लोकांना फारसा माहीत नसलेला. ब्रुकलिन, टोरांटो, लंडन इथे राहणारी कॅरिबियन कुटुंबं वर्षानुवर्षं घरी बॅरल पाठवतात, मोठं निळं किंवा पुठ्ठ्याचं पिंप, त्यात तेल-साबणापासून शाळेच्या बुटांपर्यंत सगळं. त्यांच्या ठरलेल्या शिपिंग कंपन्या असतात, तिकडे घ्यायला आत्या नाहीतर भाऊ धक्क्यावर येतो, आणि वादळानंतर सरकारं बऱ्याचदा अशा सामानावरची ड्यूटी काही काळासाठी माफ करतात. तुमच्या शेजारी, ऑफिसमध्ये, मुलांच्या शाळेत कोणी जमैकाचं, ग्रेनाडाचं, सेंट व्हिन्सेंटचं असेल तर त्यांना जाऊन विचारा, बॅरल भरताय का, काय कमी आहे? त्यात भर घाला, शिपिंगचे पैसे वाटून घ्या. तो माल नावाच्या माणसाला नावाने मिळतो. साधारण काय लागतं ते म्हणाल तर सोलर कंदील, बॅटऱ्या, पत्र्याचे वॉशरवाले खिळे, जाड दोरी, कामाचे हातमोजे, मच्छरदाणी, सॅनिटरी पॅड, डायपर, डबे उघडायचं ओपनर. पण तरी विचारूनच.

छप्पर आणि पाणी

ह्या दोन गोष्टींवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बाहेरचे लोक ह्या वेगवेगळ्या समजतात. कॅरिआकूवर नदी नाही. लोक छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून घराखालच्या टाकीत साठवतात आणि तेच वर्षभर पितात. म्हणजे छप्पर उडालं की त्या घराचं पाणीही गेलं, टाकीत कचरा, तुटके पत्रे, कधी समुद्राचं पाणी. निसर्ग वादळानंतर २०२० मध्ये दापोली, मंडणगड, श्रीवर्धनला ज्यांनी उडालेले पत्रे आणि आठवडेच्या आठवडे नसलेली वीज बघितलीय त्यांना ह्यातलं बरंच काही लगेच कळेल, फक्त आपल्याकडे पनवेलहून ट्रक तरी येऊ शकत होता.

पाण्याचा हिशोब करून बघा. आणीबाणीत माणशी दिवसाला १५ लिटर पाणी धरतात, पिणं, स्वयंपाक, अंगधुणं सगळं मिळून. दहा हजार लोकांना दिवसाला दीड लाख लिटर, म्हणजे १५० टन. एवढं बाटल्यांतून विमानाने किंवा बोटीने रोज नेणं जमणारच नाही, आणि वर रिकाम्या बाटल्यांचा डोंगर बेटावरच राहणार. त्याऐवजी क्लोरीनच्या गोळ्या बघा, ६७ मिलीग्रॅमची एक गोळी २० लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला पुरते, म्हणजे दीड लाख लिटरला साडेसात हजार गोळ्या, आणि त्या एक माणूस हाताने उचलून नेईल. गढूळ पाणी असेल तर आधी गाळून घ्यायचं आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. त्याच्या जोडीला झाकणाचे जेरीकॅन, टाक्या साफ करायची माणसं, आणि पहिल्या आठवड्यात जहाजावरचा किंवा वाहून नेता येणारा समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट. देणगी देताना संस्थेला विचारा की पाण्यासाठी तुम्ही काय करताय, उत्तरात फक्त बाटल्या आल्या तर दुसरी संस्था बघा.

आणि छप्पर. आयएफआरसीच्या शेल्टर किटमध्ये चार बाय सहा मीटरच्या दोन ताडपत्र्या, दोरी, करवत, हातोडा, खिळे, तार, फावडं, कोयता असं असतं. ताडपत्री नुसती अंथरून वर दगड ठेवले तर पुढच्या पावसात उडते, आणि सीझन तर अजून चालूच असतो. बरोबर पद्धत अशी: ताडपत्रीची कड लाकडी पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळायची आणि खिळा त्या पट्टीतून आरपार वाशात मारायचा, ताडपत्रीला थेट खिळा मारला की तिथूनच फाटत जाते. उतार राहील असं ताणायचं, मध्ये पाणी साचलं की वजनाने खाली येते. कडेला खालून पाणी पन्हाळीत पडेल असं केलं तर टाकी पण परत भरायला लागते. म्हणूनच किट देणाऱ्या संस्थेने बरोबर सुतार आणि शिकवणारा माणूस पाठवलाय का हे विचारण्यासारखं आहे.

स्वतः जाऊ का?

हा प्रश्न डॉक्टर आणि इंजिनिअर मंडळी हमखास विचारतात. एकटं जाऊ नका. तिथे राहायला खोली नाही, खायला मोजकं आहे, तुमच्या डिग्रीला तिथे प्रॅक्टिसची परवानगी लागते, आणि तुम्हीच आजारी पडलात तर दवाखान्यात एक खाट कमी. डॉक्टर-नर्सनी शांत काळात डब्ल्यूएचओच्या इमर्जन्सी मेडिकल टीमच्या यादीतल्या टीममध्ये नाव घालावं, बोलावणं आलं की पूर्ण टीम स्वतःचा तंबू, पाणी, जनरेटर घेऊन जाते. भारत सरकारनेही मेलिसानंतर वायुसेनेच्या विमानाने मदत पाठवली आणि त्यात भीष्म क्यूब होते, म्हणजे हलवता येणारं छोटं हॉस्पिटल, साधारण दोनशे जखमींवर उपचार करता येतील एवढं. मदत ही अशी स्वतःच्या पायावर उभी राहणारी असली पाहिजे.

घरी बसून करता येण्यासारखं एक काम मात्र फार उपयोगी आहे आणि पुण्यातल्या, नाशिकमधल्या आयटीवाल्या मुलामुलींनी तर करावंच. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा सगळ्यांनी मिळून बनवलेला नकाशा आहे, त्यावर ह्युमॅनिटेरियन टीमचं टास्किंग मॅनेजर असतं. अकाउंट काढा, नवशिक्यांसाठीचं काम निवडा, तुम्हाला सॅटेलाइट फोटोचा एक चौकोन मिळतो, त्यातल्या प्रत्येक घराची बाह्यरेषा काढायची, रस्ता काढायचा, सेव्ह करायचं. वादळाआधीचं घर नकाशावर असेल तरच नंतर किती गेली ते मोजता येतं, नाहीतर मदत नेहमी मोठ्या रस्त्यालगतच्या वस्तीलाच मिळते. घाई करू नका, छप्पर आणि त्याची सावली ह्यात गल्लत होते, सावली सोडून छपराचाच चौकोन काढायचा. आपत्तीच्या वेळी सॅटेलाइट फोटो मिळावेत म्हणून देशादेशांच्या अंतराळ संस्थांचा एक करार आहे, इस्रो त्यात २००१ पासून आहे.

नकाशावर नसलेली माणसं हा वेगळाच विषय. २०१९ मध्ये डोरियन बहामाच्या अबाको बेटावर आलं तेव्हा मार्श हार्बरमधली मड नावाची हैतीहून आलेल्या कामगारांची वस्ती पार उद्ध्वस्त झाली, आणि त्यातले बरेच जण कागदपत्रं नसल्यामुळे मदतीच्या रांगेत यायलाच घाबरत होते. देणगी देताना विचारा की तुमच्याकडे मदत घ्यायला ओळखपत्र लागतं का. लागत असेल तर ह्या लोकांपर्यंत कोण पोचणार ते पण विचारा.

बातम्यांमधले मोठे आकडे कसे वाचायचे

अमुक देशाने इतके कोटी डॉलर जाहीर केले, असं येतं. तेव्हा चार गोष्टी बघा: जाहीर केलेत की दिलेत, अनुदान आहे की कर्ज, नवे आहेत की जुन्याच प्रोजेक्टमधून वळवलेले, आणि सरकारच्या हातात येणार की देणाऱ्याच्याच कंपन्यांना. मारियात डॉमिनिकाचं नुकसान त्यांच्या वर्षभराच्या जीडीपीच्या २२६ टक्के होतं, म्हणजे सगळ्या देशाने दोन वर्षं कमावलेलं सगळं दिलं तरी भरणार नाही एवढं. ते भरायला कर्ज काढलं की पुढच्या वादळाच्या वेळी आधीचे हप्ते चालूच असतात.

म्हणून ह्या देशांनी स्वतःच काही उपाय काढलेत आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं. २००४ मध्ये आयव्हनने ग्रेनाडाची जायफळाची झाडं झोपवली, जायफळ त्यांच्या झेंड्यावर आहे बघा, आणि नवीन झाड धरायला सहा-सात वर्षं लागतात हे कोकणातल्या बागायतदाराला सांगायला नको. त्यानंतर २००७ मध्ये कॅरिबियनमधल्या बऱ्याच देशांनी मिळून सीसीआरआयएफ नावाचा सामायिक विमा उभा केला, त्यात पंचनामा होत नाही, वाऱ्याचा वेग आणि वादळाची वाट ठरलेल्या मापात बसली की दोन आठवड्यांत पैसे. बेरिलनंतर ग्रेनाडाला त्यातून ४.४ कोटी डॉलरच्या आसपास मिळाले, शिवाय त्यांच्या कर्जरोख्यांमध्ये वादळ आलं तर हप्ते थांबतील असं कलम होतं ते त्यांनी वापरलं. पण मापात बसलं नाही तर काहीच मिळत नाही: त्याच बेरिलमध्ये जमैकाच्या आपत्ती रोख्यातून (ठरलेल्या मापाचं वादळ आलं की गुंतवणूकदारांचे पैसे सरकारला मिळतात असा रोखा) एक डॉलरही सुटला नाही कारण हवेचा दाब ठरल्याएवढा खाली गेला नव्हता, आणि मेलिसात पूर्ण १५ कोटी सुटले. ते आले हे चांगलंच, पण मेलिसाचं प्रत्यक्ष नुकसान ८८० कोटी डॉलर धरलंय.

अजून एक गोष्ट, जी मला अन्यायाची वाटते. बहामा, बार्बाडोस, अँटिग्वा-बार्बुडा ह्यांचं माणशी उत्पन्न कागदावर जास्त दिसतं म्हणून ते श्रीमंत देशांच्या विकास मदतीला पात्र देशांच्या यादीतून बाहेर आहेत, अँटिग्वा-बार्बुडा २०२२ मध्ये बाहेर पडलं. आणि ह्याच बार्बुडावर २०१७ मध्ये इर्मा आलं तेव्हा सगळंच्या सगळं बेट रिकामं करून लोकांना अँटिग्वाला हलवावं लागलं होतं. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली हे किती वर्षं सांगतायत की उत्पन्न नको, धोका किती ते मोजा. तुम्ही ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेत मतदार असाल तर आपल्या लोकप्रतिनिधीला ह्यावर एक मेल लिहा, कर्जाच्या कलमाबद्दल आणि ह्या यादीबद्दल. तो मेल लिहायला अर्धा तास लागतो.

फिरायला जायचं बुकिंग असेल तर घाईने रद्द करू नका, आधी कुठल्या बेटावर वादळ गेलं ते बघा. डोरियनने अबाको आणि ग्रँड बहामा मोडली पण बहामाची बाकीची बेटं उघडी होती आणि पर्यटक न आल्याने तिथलेही लोक बसून राहिले असते, ज्यांच्या कमाईवर अबाकोचे नातेवाईक अवलंबून होते.

शेवटचं, तारखेचं. सगळ्या देणग्या पहिल्या पंधरा दिवसांत येतात आणि छपरं बांधायचं काम चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू होतं, तेव्हा लाकूड महाग, सुतार मिळत नाही आणि बातमी संपलेली असते. तेव्हा जे द्यायचं ठरवलंय त्याचे दोन भाग करा, अर्धं आत्ता, अर्धं सहा महिन्यांनी, फोनमध्ये रिमाइंडर लावून. दुसरा भाग देताना विचारा की छपराला वाशापासून भिंतीपर्यंत लोखंडी पट्ट्या, म्हणजे हरिकेन स्ट्रॅप, लावताय का आणि पत्र्याला खिळे की स्क्रू. आणि १ जूनला सीझन सुरू व्हायच्या आधी मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरवून टाका की वादळ आलं तर आपण कुठल्या दोन संस्थांना देणार आणि ग्रुपवर कपडे गोळा करायचा पहिला मेसेज पडला की त्याखाली ह्या दोन लिंक कोण टाकणार.